गन सेफमधला दमटपणा आणि गंज : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नवी सेफ (बंदुकांची तिजोरी) आली, बंदुका आत लावल्या, दार लोटलं, कुलूप बसल्याचा तो जाड आवाज ऐकला की वाटतं चला, काळजी मिटली. चोराची मिटली हो, गंजाची कुठे? उलट उघड्या रॅकवरची बंदूक रोज नजरेला पडते, जाता येता फडकं फिरतं, आणि सेफमधली बिचारी दोन-दोन महिने अंधारात उभी, तिच्यावर काय चाललंय ते कोणाला माहीतच नाही. माझी पहिली शॉटगन मी चामड्याच्या कव्हरसकट आत ठेवली होती, म्हटलं डबल संरक्षण. तीन महिन्यांनी काढली तर कव्हरची शिवण जिथे नळीला टेकत होती तिथे बरोब्बर एक तांबूस रेघ, पट्टी धरून ओढल्यासारखी. घासून रंग गेला, पण खालची खडबडीत खूण अजून बोटाला लागते.

त्यामुळे कोणी विचारलं की "डिह्युमिडिफायर (ओल कमी करणारं यंत्र) कुठला घेऊ" तर मी आधी विचारतो, आत ह्युमिडिटी, म्हणजे दमटपणा, किती टक्के आहे? बहुतेकांनी मोजलेलंच नसतं. आणि दुसरं म्हणजे सेफमधलं बरंचसं पाणी हवेबरोबर येत नाही, ते आपणच आत नेऊन ठेवतो. कसं ते खाली येईलच.

आधी थोडं गणित, कंटाळा करू नका, हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. टक्क्यात जी ह्युमिडिटी दाखवतात ती म्हणजे हवेत किती पाणी आहे हे नाही, तर त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे, ते. गरम हवा जास्त वाफ धरते, गार हवा कमी. २० डिग्रीला एक घनमीटर हवेत जेमतेम १७ ग्रॅम पाणी मावतं, ३० डिग्रीला ३० ग्रॅम. म्हणजे दुपारी ३० डिग्री आणि ६५ टक्के असलेली सेफ रात्री २४ डिग्रीवर उतरली, तर एक थेंबही पाणी बाहेरून न येता कोरड्या गणिताने आकडा ९० च्या वर जातो. प्रत्यक्षात आतलं लाकूड-कापड थोडं पाणी पिऊन घेतं म्हणून एवढा चढत नाही, पण चढतो. दुपारी उघडून "छान कोरडं आहे की" म्हणणारे इथेच फसतात.

लोखंडाचं म्हणाल तर स्वच्छ पोलादावर साधारण ६० टक्क्यांच्या खाली गंज फार हळू चालतो आणि त्याच्या वर गेलं की एकदम वेग घेतो. व्हर्नन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९३० च्या दशकात हे प्रयोगातून दाखवलं. पण "स्वच्छ" हा शब्द महत्त्वाचा. बोटाच्या घामातलं मीठ लागलं असेल तर ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग ६० च्या खालीही गंज सुरू होतो. म्हणून आपलं टार्गेट ४० ते ५० टक्के. त्याहून खाली नेण्यात शहाणपणा नाही, कारण ३५ च्या खाली बराच काळ राहिलं की लाकडी दस्ता आकसतो, तडा जातो, स्क्रू ढिले पडतात. नळी वाचवायला जाऊन दस्ता घालवणारे लोकही मी पाहिलेत.

आता कामाला लागू.

पहिली स्टेप : मोजायला शिका

एक डिजिटल हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा मीटर) घ्या, किमान-कमाल आकडा लक्षात ठेवणारा. तो फीचर नसलेला घेऊ नका, कारण मघाशी सांगितलं तसं खरा खेळ रात्री चालतो आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता. शक्यतो दोन घ्या, एक वर एक खाली, दोन्ही आकड्यांत फरक दिसतो.

आणि आणल्या आणल्या त्याच्यावर विश्वास ठेवू नका! स्वस्तातले मीटर चार-पाच टक्के सहज इकडे तिकडे असतात. तपासायची एक जुनी सोपी रीत आहे, बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घाला, मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळलं नाही पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करा आणि रात्रभर एका जागी ठेवून द्या. ओलं मीठ बंद हवेला ७५ टक्क्यांवर आणून धरतं, मीठ थोडं की जास्त याने फरक पडत नाही. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर तो पाच कमी सांगतोय, मागे पट्टी चिकटवून "+५" लिहून टाका. झालं कॅलिब्रेशन. पिशवी उघडण्याआधी आकडा वाचा, उघडल्यावर लगेच बदलतो.

मग तो मीटर सेफमध्ये ठेवून आठवडाभर काहीही न करता नुसते आकडे लिहा. हे कोणी करत नाही. आठवडाभराने कळतं की तुमची सेफ ४८ वर शांत बसलीये आणि तुम्हाला काहीच विकत घ्यायची गरज नाही, किंवा ७२ वर आहे आणि ओल शोषणाऱ्या एका पुडीने काही होणार नाही.

दुसरी स्टेप : आत काय काय पाणी धरून बसलंय ते बघा

ही माझी आवडती. एक मध्यम-मोठी सेफ धरा, आतली जागा पाऊण घनमीटरच्या थोडी खाली. ३० डिग्री आणि ७० टक्क्यांना त्या सगळ्या हवेत मिळून पाणी किती, तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा. फक्त! आणि एक किलोचा अक्रोडाचा दस्ता ६५ टक्क्यांच्या खोलीतून ५० टक्क्यांच्या सेफमध्ये आला की तो हळूहळू जवळजवळ ३० ग्रॅम पाणी सोडतो. एक दस्ता म्हणजे अख्ख्या सेफच्या हवेच्या दुप्पट. त्यात आतलं कार्पेट, कापडी अस्तर, फोम, पुठ्ठ्याचे खोके, कागदपत्रं, पट्टे. आणि आगीपासून वाचवणाऱ्या सेफमध्ये भिंतीत जिप्समचे बोर्ड असतात, जिप्सममध्ये वजनाच्या एक पंचमांश पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. ते नेहमीच्या तापमानाला सुटत नाही, आग लागली की वाफ होऊन सुटतं आणि त्यावरच ती सेफ थंड राहते, पण बोर्ड ओल्या गोदामात पडून राहिले असतील तर वरवरचं जे पाणी त्यांनी शोषलेलं असतं ते महिनोन्‌महिने आत येत राहतं. म्हणून नवी सेफ आली की बंदुका लगेच भरू नका. कोरड्या हवेच्या दिवसांत चार-सहा दिवस दार उघडं ठेवा, आत छोटा पंखा लावा, गोंदाचा आणि रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या. तो वासही निरुपद्रवी नसतो, काही गोंद आणि एमडीएफसारख्या फळ्या आम्लाची वाफ सोडतात आणि ती धातूला खाते. ओक लाकडाचंही तेच. आत स्वतः शेल्फ बनवणार असाल तर हे डोक्यात ठेवा.

बाहेर काढायच्या वस्तू : चामड्याची कव्हरं, होल्स्टर, फोमच्या पेट्या, कापडी गन स्लीव्ह (सिलिकॉन लावलेले विणलेले मोजे चालतात), पुठ्ठा, जुने कागद. चामडं पाणी धरतंच, शिवाय ते कमावताना वापरलेली रसायनं धातूला लागतात. होल्स्टर सेफमध्ये ठेवायचंच असेल तर ठेवा, पिस्तूल त्यात नको. फोम म्हणजे तर स्पंज, बंदुकीच्या आकारात कापलेला.

तिसरी स्टेप : जागा

सेफ थेट सिमेंटच्या फरशीवर ठेवू नका. काँक्रीट जमिनीतली ओल वर ओढतं, सेफचा तळ आतून-बाहेरून गंजतो आणि तो दिसतही नाही. खाली जाड रबराचे किंवा प्लास्टिकचे तुकडे द्या, बोट जाईल एवढी हवा खेळली पाहिजे. बोल्ट मारणार असाल तर बोल्टभोवतीही वॉशर टाका. बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, ती भिंत रात्री गार पडते आणि सेफची पाठही तिच्याबरोबर गार पडते. बाथरूम, कपडे धुवायची जागा, गॅरेज यांच्यापासून लांब. तळघर असेल तर जमत असल्यास टाळाच, आणि नसेलच जमत तर आधी अख्ख्या खोलीचा डिह्युमिडिफायर लावा. खोली ८० टक्क्यांवर असताना नुसती सेफ कोरडी ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून एसी लावण्यासारखं आहे.

हो, आणि दाराभोवती जी काळी पट्टी असते ती बघून "एअरटाइट आहे" असं समजू नका. बऱ्याच सेफमध्ये ती पट्टी आगीत फुगणारी असते, उष्णता लागली की फुगून फट बुजवते. एरवी तिथून हवा येत जात असते.

चौथी स्टेप : आता विकत घ्या

मुख्य दोन घराणी आहेत, एक गरम करणारं आणि एक पाणी शोषणारं.

गरम करणारं म्हणजे विजेवर गरम होणारी रॉड. लोक तिला डिह्युमिडिफायर रॉड म्हणतात पण ती पाणी अजिबात काढत नाही, फक्त आतली हवा दोन-तीन डिग्री वर ठेवते. २७ डिग्री आणि ६५ टक्के असलेली हवा ३० डिग्रीवर नेली की तोच आकडा ५५ होतो, पाणी तेवढंच. शिवाय गरम हवा वर जाते, गार खाली येते, असं हळू फिरत राहतं आणि कोपऱ्यात ओल साचत नाही, आणि लोखंड हवेपेक्षा गार पडत नाही म्हणून त्यावर दव धरत नाही. वीज एका छोट्या बल्बएवढीच लागते. लावायची तळाशी, आडवी, मागच्या बाजूला, तिच्यावर किंवा तिला टेकून काही ठेवायचं नाही, काडतुसं तर नाहीच. लोक ती वरच्या शेल्फवर लावतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. बऱ्याच सेफला मागे वायरसाठी भोक तयार असतं, नसेल तर स्वतः ड्रिल मारायच्या आधी कंपनीचं मॅन्युअल वाचा, आगीचं रेटिंग आणि वॉरंटी दोन्ही जाऊ शकतं. लाइट वारंवार जात असेल तर नुसत्या रॉडवर राहू नका.

शोषणारं म्हणजे सिलिका जेल. चांगली गोष्ट, स्वस्त, वीज नको, पुन्हा पुन्हा वापरता येते. ५० टक्क्यांच्या आसपास अर्धा किलो जेल शंभर-सव्वाशे ग्रॅम पाणी धरतं, म्हणजे वरचं गणित आठवलं तर तीन-चार दस्त्यांचं. बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्या टाकून निर्धास्त होणारे लोक आहेत, त्यांना काय बोलणार. दोन्ही एकत्र वापरणार असाल तर जेल रॉडपासून लांब, वरच्या बाजूला ठेवा, गरम झालं की जेल पाणी कमी धरतं.

जेल भरलं की नाही ते रंगावरून कळतं, नारिंगी असतं ते हिरवं होतं. निळं-गुलाबी होणारं जुन्या पद्धतीचं असतं, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते तब्येतीला वाईट, घेऊ नका. रंग नसलेलं असेल तर अजून सोपं, नवं असताना डब्याचं वजन करून वर लिहून ठेवा, वजन पाचव्या हिश्शाने वाढलं की भरलं. सुकवायला ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दोन-तीन तास, पसरट ट्रेमध्ये, पिशवीसकट नाही (पिशवी वितळते, विचारू नका मला कसं माहीत). काही छोटे डबे प्लग लावून सुकवायचे असतात, ते सेफच्या बाहेर काढून दुसऱ्या खोलीत सुकवायचे. आत प्लग लावला तर जेवढं शोषलं तेवढं सगळं परत आत.

आणि एक वस्तू चुकूनही नको, ती कपाटासाठी मिळणारी डबी जिच्यात पांढरे खडे असतात आणि खाली पाणी जमतं. ते कॅल्शियम क्लोराइड. ओल भयंकर छान ओढतं, पण खाली जमतं ते पाणी नसून तीव्र खारं द्रावण असतं, डबी एकदा कलंडली की सेफचा तळ आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्या नळ्यांची तोंडं संपलीच.

तिसरं एक छोटं घराणं आहे, व्हीसीआय. कागद किंवा डबी असते, त्यातून एक वाफ निघते आणि ती लोखंडावर पातळ थर करून बसते. बंद जागेतच काम करते, आणि ठराविक मुदत असते, वर लिहिलेली. लांब काळ न उघडणाऱ्या बंदुकीला उत्तम. रोज उघडझाप असेल तर वाफ निघून जाते. आणि हे ह्युमिडिटी कमी करत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पाचवी स्टेप : बंदूक आत ठेवण्याआधी

आधी रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. मग बाकीचं.

हाताचे ठसे पुसा. खरंच, गंजाची निम्मी प्रकरणं ठशांची असतात, अगदी बोटाच्या रेषा दिसतील असा गंज मी पाहिलाय. घरी कोणी आलं, बंदूक दाखवली, प्रत्येकाने नळी धरून पाहिली, कौतुक झालं, तशीच परत आत. काढली की पुसायची, हा एकच नियम पाळलात तरी खूप झालं. आत ठेवताना सुती हातमोजे घाला, हसू देत लोक.

निळसर-काळा रंग असतो ना नळीवर, ब्लूइंग, तो म्हणजे सुद्धा लोखंडाचं ऑक्साइडच आहे, अगदी पातळ. तो स्वतः गंज थांबवत नाही, तेल धरून ठेवतो एवढंच. म्हणून ब्लूइंगवर तेल लागतंच. स्टेनलेस पण गंजतं, उशिरा गंजतं इतकंच.

तेलाबद्दल एक गैरसमज काढायचा राहिला. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतं आणि सगळे तेच मारून ठेवतात. ते १९५३ साली बनलं ते पाणी हुसकावायला, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. भिजलेल्या बंदुकीवर आधी मारायला झकास. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, महिनोन्‌महिने संरक्षणासाठी ते नाही. ते मारा, पुसा, आणि मग खरं गंजरोधक बंदुकीचं तेल पातळ हाताने लावा. पातळ म्हणजे फडक्याला तेल आणि फडक्याने बंदुकीला. ओघळ येईल एवढं नको, जास्त तेल उभ्या बंदुकीत खाली उतरून ॲक्शनमध्ये (बंदुकीच्या यंत्रणेत) आणि दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं. म्हणून जुने कारागीर बंदूक नळी खाली करून ठेवायला सांगतात, खाली फडक्याची घडी देऊन. वर्षभर ठेवायची असेल तर तेलापेक्षा मेण बरं, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स हे त्यातलंच. त्यावर बोटांचे ठसेही कमी उमटतात.

भिजून आलेली बंदूक थेट सेफमध्ये कधीच नाही. दस्ता सुटा करा, कारण पाणी नळी आणि लाकडाच्या मध्ये लपतं, पुसा, आणि नजरेसमोर पंख्याखाली काही तास ठेवा. थंडीतून उबदार घरात आणली तर तिला केसमध्येच राहू द्या, केस बंद. २५ डिग्री आणि ६० टक्क्यांच्या खोलीत साधारण १७ डिग्रीपेक्षा गार कुठलीही वस्तू आली की तिच्यावर दव धरतं, आणि ते फक्त बाहेरून नाही, नळीत, बोल्टमध्ये, सगळीकडे. केस खोलीइतकी गरम झाली की मग उघडा. काळी बंदुकीची दारू (ब्लॅक पावडर) किंवा जुनी कोरोझिव्ह, म्हणजे गंज आणणाऱ्या, प्रायमरची काडतुसं वापरली असतील तर नुसत्या तेलाने भागत नाही, ती मागे क्षार सोडतात आणि क्षार तेलात विरघळत नाहीत. त्याच दिवशी पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची, मग तेल.

पुढचं रुटीन

पहिला महिना दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा. किमान-कमाल आकडा बघा, रिसेट करा, जेलचा रंग बघा, आणि टॉर्च घेऊन गंज जिथे आधी येतो तिथेच बघा : नळी जिथे कार्पेटच्या खाचेला टेकते तो पट्टा, स्क्रूची डोकी, स्कोपच्या रिंगांखाली, पट्ट्याच्या कड्यापाशी, नळीच्या तोंडाच्या आत. पावसाच्या दिवशी "जरा हवा लागू दे" म्हणून दार उघडं टाकू नका, ती हवा ओलीच आहे.

लाल धूळ दिसलीच तर घाबरू नका. तेल टाका, तासभर मुरू द्या, आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने किंवा ब्राँझ वूलने हलक्या हाताने गोल फिरवा, तेल सतत हवं. पॉलिश पेपर नको. आणि व्हिनेगर किंवा बाजारातलं रस्ट रिमूव्हर ब्लूइंगवर अजिबात नको, आम्लाला लाल गंज आणि निळं ब्लूइंग यातला फरक कळत नाही, दोन्ही ऑक्साइडच, दोन्ही साफ. खड्डे पडलेले असतील, विशेषतः चेंबरमध्ये किंवा नळीच्या आत, तर ती बंदूक वापरू नका, आधी गनस्मिथला दाखवा.

आणि साठवणीतून काढून वापरायच्या आधी नळीतून कोरडा पॅच (कापडाचा छोटा तुकडा) फिरवून आतलं तेल, मेण, ग्रीस सगळं काढा, पॅच कोरडा बाहेर येईपर्यंत. तोंडाशी व्हीसीआयचा कागद किंवा बुच खोचून ठेवलं असेल तर ते पण, विसरायला होतं, म्हणून मी चापाच्या गार्डला एक लाल दोरी बांधून ठेवतो.